थर उतरल्यावर

त्या गल्लीत शिरलं की आधी वास यायचा आणि मग दुकान दिसायचं. वर स्पिरिटचा डोक्यात जाणारा वास, त्याखाली लाखेचा गोडसर, आणि सगळ्यात तळाला जवसाच्या तेलाचा जुना, जड वास. या वासांत ताईचं आयुष्य गेलं होतं. लोक तिला पॉलिशवाली ताईच म्हणत. कापसाची पुरचुंडी मऊ फडक्यात बांधायची, लाख विरघळवलेल्या स्पिरिटात बुडवायची आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायची. एक हात झाला की वाळू द्यायचा, घासून घ्यायचा, मग दुसरा हात. घाई केली की लाकूड रुसतं, असं ती म्हणायची, आणि रुसलेल्या लाकडाची समजूत काढत बसण्यातच तिचे केस पांढरे झाले.

समोरच्या दुकानात सुतार होता. त्याने केलेलं सामान रस्ता ओलांडून तिच्याकडे यायचं.

"ताई, डाव्या अंगाचा जोड जरा उघडा राहिलाय. तेवढं झाकून टाका बरं का."

"पॉलिश काही झाकत नसतं हो. उलट तुमची चूक आता लांबून चमकेल."

"चमकू द्या. गिऱ्हाइकाला सांगतो, नक्षी आहे म्हणून."

असं त्यांचं चालायचं. ताई तोंडाची फटकळ होती, पण मनात कोणाविषयी काही ठेवायची नाही. जे काय ठेवलं होतं ते सगळं एकाच माणसासाठी, आणि तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

धाकटा चालता-बोलता झाला आणि आई गेली. ताईच त्याची आई झाली. पोरगं दिसायला देखणं, बोलायला त्याहून गोड. त्याला रागवायला गेलेला माणूस हसत परत यायचा. मास्तर म्हणायचे, याला शिक्षा कशी करावी तेच कळत नाही, छडी उगारली की हा माझ्या तोंडाकडे असं बघतो की मलाच चुकल्यासारखं होतं. ताईला त्याचं कौतुक वाटायचं. आपलं पोर कशाला भीत नाही, याचा तिला गर्व होता.

एके दिवशी बाप याच दुकानात पॉलिशचं काम करता करता भिंतीला टेकून खाली घसरला. जवळ धाकटाच होता. तो घरी आला, त्याने हातपाय धुतले, ताटावर बसला, पोटभर जेवला, पाणी प्यायला आणि मग म्हणाला, "बाबा पडलेत. बोलत नाहीत."

ताई धावत गेली. बाप वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला. त्या दिवशी ताईने फडकं हातात घेतलं ते मग खाली ठेवलंच नाही. धाकट्याला तिने विचारलं होतं, "अरे, आल्या आल्या का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "भूक लागली होती." ताईने त्याला पोटाशी धरलं. घाबरलंय पोर, काय बोलावं ते कळेना त्याला, असं तिने बापाला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं. तेव्हा तो दारूच्या थेंबालाही शिवलेला नव्हता.

पुढे शिवला, तो फार लवकर. बरोबरीची पोरं चोरून एक घोट घ्यायची आणि आठवडाभर आईबापाची नजर चुकवायची. याने नजर कधी चुकवलीच नाही. पिऊन आला की समोर उभा राहायचा आणि गोड हसायचा. दारू झाली, मग गोळ्या झाल्या, मग जे हाताला लागेल ते. कामावर लागला की मालकाचा लाडका व्हायचा, आणि काही महिन्यांत तोच मालक त्याचं नाव काढलं की थुंकायचा. मध्येच त्याने लग्न केलं. मुलगी भल्या घरची, अबोल, याच्या बोलण्यावर भाळलेली. त्यांना एक मुलगी झाली. ताईला वाटलं, आता येईल ताळ्यावर.

गल्लीत पिणारे आणखी होते. ते पडायचे, रडायचे, पोरांच्या शपथा घ्यायचे, सकाळी बायकोच्या पाया पडायचे. सुताराचा मेहुणा तर शरमेने आठ-आठ दिवस घराबाहेर पडायचा नाही. धाकट्याला ताईने कधी शरमलेलं पाहिलं नाही. पण हे तिच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं आणि तिने ते बाजूला ठेवलं. तिचं एकच पालुपद होतं: "दारू वाईट. माझा भाऊ नाही वाईट. दारू सुटू दे, मग बघा."

मग एकदा पोरगी तापाने फणफणलेली असताना धाकटा बाहेर निघाला. बायको म्हणाली, जाऊ नका. त्याने बाहेरून कुलूप लावलं आणि गेला. परत आला तो दुसऱ्या दिवशी, उन्हं कलल्यावर. शेजाऱ्यांनी तोवर खिडकीचे गज काढून मायलेकींना बाहेर घेतलं होतं. तो म्हणाला, "अगं, विसरलोच," आणि हसला. त्या संध्याकाळी भावजय पोरीला कडेवर घेऊन ताईच्या दारात उभी राहिली. तेव्हापासून दोघी ताईकडेच होत्या. बाप गेल्यापासून ताई दुकानाच्या मागच्या खोलीत एकटीच राहायची. तिथे आता तिघींचा संसार सुरू झाला.

ताईने मग हातापाया पडून धाकट्याला व्यसनमुक्ती केंद्रात घातलं. तो तिकडेही सगळ्यांचा लाडका झाला. त्याला घरी सोडायची वेळ आली तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला आत बोलावून घेतलं.

"दारू सुटली आहे त्याची. अंग स्वच्छ आहे. राहिला तर राहील तसाच."

"उपकार झाले तुमचे."

"थांबा, ताई. लहानपणी कसा होता तो? दारूच्या आधी?"

"गुणी होता हो. कशाला भ्यायचा नाही."

डॉक्टरीणबाईंनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "बरेच जण दुःख विसरायला पितात. प्यायल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटते, त्या लाजेलाच धरून आम्ही त्यांना बाहेर काढतो. थोडे जण मात्र वेगळे असतात. त्यांना भीती कमी, कळवळा कमी, आणि कंटाळा मात्र फार लवकर येतो. अशी माणसं नशेकडे लवकर जातात आणि खोलवर जातात. मग नशा त्यांचं ते कोरडेपण आणखी वाढवते. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. आम्ही त्यातली नशा काढू शकतो."

"आणि दुसरं?"

"दुसऱ्याला वेळ लागतो, आणि त्याला स्वतःला बदलावंसं वाटावं लागतं. इथे तो सगळ्यांसमोर फार सुंदर रडायचा. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत असे. तुम्ही घाई करू नका, एवढंच सांगते. त्याच्या बायकोला एकटीला त्याच्याबरोबर पाठवू नका."

ताईला बाईंचा राग आला. शिकलेल्या बाईला बहिणीची माया काय कळणार, असं मनाशी म्हणत ती उठली. घरी येऊन भावजयीला मात्र तिने एवढंच सांगितलं, की दारू सुटली.

भावजय भांडी पुसत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "मग मी जाऊ का परत, वन्सं?"

"थोडे दिवस बघू. माझ्या नजरेखाली राहू दे त्याला दुकानात. मी सांगते तुला."

"तुम्ही म्हणाल तसं. मला आता माझं काही कळत नाही. तुम्ही जा म्हणालात तर जाईन, नको म्हणालात तर नाही."

बोलणं तेवढंच झालं, पण त्या दिवसापासून एका बाईचा आणि एका लेकराचा जीव ताईच्या एका शब्दावर येऊन ठेपला.

धाकटा दुकानात यायला लागला. पांढरा स्वच्छ शर्ट, नीट विंचरलेले केस, स्थिर हात. सुताराबरोबर हसायचा, पोरीला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवायचा, बायकोला "तू सांगशील तसं" म्हणायचा. गल्ली बघत राहिली. "ताई, भाऊ परत मिळाला हो तुम्हाला," सुतार म्हणाला, आणि ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

पॉलिशच्या धंद्यातल्या माणसाला एक खोड लागते. काळंकुट्ट, मेणचटलेलं जुनं सामान समोर आलं की त्याला वाटतं, खाली सोन्यासारखं लाकूड असणार. वरचा थर उतरवला की झालं. मग तो स्पिरिटचं फडकं घेऊन दिवसचे दिवस घासत बसतो. पुष्कळदा खाली सोनं निघतंही. पण कधी खाली हलकं, फिकं लाकूड निघतं, आणि तेव्हा कळतं की त्याला काही रूप होतं ते वरच्या थराचंच होतं. हा अनुभव ताईच्या गाठीला होता. तरी पुढचं सामान आलं की ती पुन्हा त्याच आशेने घासायला बसायची. भावाच्या बाबतीतही ती तशीच बसली होती.

एवढं मात्र तिला दिसत होतं, की धाकट्याला काम टोचतं. लाकूड घासता घासता तो मध्येच थांबायचा. डोळे रिकामे व्हायचे. मग खिशातून आगपेटी काढून एक काडी ओढायचा आणि ती बोटापर्यंत जळत येईपर्यंत बघत राहायचा.

"अरे, इथे काडी नको. कितीदा सांगायचं? बापाचा नियम आहे. स्पिरिट आहे इथे."

"चुकलं ताई," असं लगेच म्हणायचा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

स्पिरिटची आग भर उजेडात दिसत नाही. ती आधी लागते आणि मग दिसते. म्हणून बापाच्या काळापासून दुकानाच्या दाराशी पाण्याचं टिपाड असायचं आणि त्यात एक गोणपाट कायम बुडवून ठेवलेलं असायचं. कोणाला पेट घेतलाच तर ते ओलं गोणपाट अंगावर टाकायचं. दुकानात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्यांदा शिकवलं जाई. धाकट्याला तर ते बोलायला लागल्यापासून माहीत होतं.

त्या दुपारी ताई एका मोठ्या टेबलाचा थर उतरवत होती. कोपरापर्यंत बाह्या स्पिरिटने भिजल्या होत्या. धाकटा दाराशी, टिपाडाला टेकून उभा होता. त्याने काडी ओढल्याचा आवाज तिने ऐकला. "अरे..." एवढं म्हणेपर्यंत त्याने ती सवयीने बाजूला, टेबलाकडे टाकली. पुढच्या क्षणी ताईला उजवा हात गरम लागला. तिने खाली पाहिलं तर काहीच दिसेना. मग बाहीचा काठ काळा पडून मागे मागे सरकताना दिसला आणि तिला कळलं, आपण जळतोय.

"गोणपाट!" ती ओरडली. "गोणपाट टाक!"

धाकटा हलला नाही. गोणपाट त्याच्या हाताशी होतं. तो घाबरला होता असं म्हणावं तर त्याचा चेहरा शांत होता. ओठ किंचित उघडे, मान एका बाजूला कललेली. दुकानात आलेलं नवं लाकूड न्याहाळावं तसा तो बहिणीला न्याहाळत होता. ताई हात आपटत होती, ओरडत होती, आणि त्या आगीतूनही तिला भावाचे ते डोळे दिसत होते. त्यांत राग नव्हता. काहीच नव्हतं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून भावजयीची पावलं वाजली. ती ऐकली मात्र, धाकट्याने गोणपाट उपसलं, "ताई गं!" अशी किंकाळी फोडली आणि झेप घेतली. भावजय दारात आली तेव्हा तिला दिसलं ते एवढंच, की आपला नवरा बहिणीला मिठीत घेऊन जमिनीवर लोळतोय आणि ढसाढसा रडतोय.

गल्ली गोळा झाली. त्याच्याही तळहाताला थोडं भाजलं होतं. पट्टी बांधलेला हात घेऊन तो दारोदार फिरला. सुतार म्हणाला, "भाऊ असावा तर असा. जिवावर उदार झाला हो पोरगा." ताईचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते, उजव्याची बोटं परत नीट वळतील की नाही, याची दवाखान्यातले लोक खात्री देत नव्हते. ती अंथरुणावर पडून हे सगळं ऐकत होती.

भावजय तिला चमच्याने भरवायची, वेणी घालून द्यायची. तिच्या तोंडावर पुष्कळ दिवसांनी थोडी कळा आली होती.

"वन्सं, त्यांनी तुम्हाला वाचवलं ना, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. आता माझ्या मनात काही राहिलं नाही. रविवारी ते आम्हाला न्यायला येतो म्हणालेत. तुम्ही फक्त हो म्हणा."

ताईने भिंतीकडे तोंड केलं.

धाकटा भेटायला आला तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. तो उशाशी बसला, त्याने तिचं पांघरूण नीट केलं.

ताईने विचारलं, "उभा का राहिला होतास?"

तो लगेच काहीतरी गोड बोलेल असं तिला वाटलं होतं. पण तो बराच वेळ स्वतःच्या नखांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बघत होतो."

"काय बघत होतास?"

"काही वाटतंय का ते."

ताईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"खरं सांगू का ताई? केंद्रात सगळे म्हणायचे, दारू उतरली की मन जागं होतं. रडू येतं, माया येते. मी वाट बघितली. पोरीला खांद्यावर घेतो तेव्हा बघतो. काही येत नाही. प्यायलो की निदान थोडं काहीतरी व्हायचं, थोडी गंमत वाटायची. आता तेही नाही. सगळं कसं उकळून निवलेल्या पाण्यासारखं बेचव. तू पेटलीस तेव्हा म्हटलं, आता तरी वाटेल."

"आणि?"

"नाही वाटलं." एवढं सांगून तो उठला. शर्टाची घडी नीट केली, आणि त्याचा तो जुना, सगळ्यांना भुलवणारा चेहरा पुन्हा जागेवर आला. "हे तिला सांगू नकोस हं. तू नाहीस सांगायची म्हणा. आजवर कधी सांगितलंयस?"

तो गेला. ताई आढ्याकडे बघत पडून राहिली. भाजलेल्या हातांची आग होत होती, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. जेवणाच्या ताटावर बसलेलं ते पोर तिला दिसत होतं. किती सावकाश जेवला होता. पाणीसुद्धा दोनदा मागून घेतलं होतं.

रविवारी सकाळी भावजय कपड्यांच्या घड्या घालत होती. पोरगी बाहेर सुताराच्या दारात लाकडाचे ठोकळे रचत होती.

"ते टाक खाली," ताई म्हणाली. "जवळ ये. मी काय सांगते ते ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. बोललीस तर माझ्याच्याने सांगून होणार नाही."

मग तिने सगळं सांगितलं. काडी, गोणपाट, तो शांत चेहरा, पावलांचा आवाज आल्यावरची किंकाळी. उशाशी बसून तो काय बोलला ते. डॉक्टरीणबाईंनी दिलेला इशारा, जो तिने गिळून टाकला होता. आणि बापाच्या त्या दिवसाचंही. सांगून झालं तेव्हा तिला धाप लागली होती.

भावजय पोरीचा एक फ्रॉक छातीशी धरून उभी होती.

"म्हणजे दारू नव्हतीच, वन्सं?"

"होती. दारूने त्याला आणखी मोकाट सोडला. पण दारूच्या आधी जे होतं, ते दारूबरोबर गेलं नाही."

"मग इतकी वर्षं तुम्ही दारूलाच का शिव्या देत राहिलात? मी तुमच्या त्या बोलण्यावर दिवस काढले."

ताईने बांधलेले हात मांडीवर घेतले. "दारूला शिव्या दिल्या की मला भाऊ राहायचा. ती बाजूला काढली असती तर माझ्याकडे काय उरलं असतं?"

भावजयीने फ्रॉक बाजूला ठेवला. तिने घडी घातलेले कपडे एकेक करून पुन्हा फळीवर ठेवले. ठेवताना ती आवाज न करता रडत होती.

धाकटा आला तेव्हा ताई स्वतः दारापर्यंत चालत गेली. हाताने दार धरता येत नव्हतं, म्हणून खांदा लावून चौकटीत उभी राहिली.

"त्या येणार नाहीत. मी सांगितलं तिला. सगळं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ताईने मन घट्ट केलं होतं, तो ओरडेल, रडेल, पाया पडेल म्हणून. त्याने भुवया उंचावल्या, एखाद्याने पत्त्यांत अनपेक्षित पान टाकावं तशा.

"तू? सांगितलंस?" तो म्हणाला. "कमाल आहे."

"त्या केंद्रात परत जा. तिथल्या बाईंना मला सांगितलंस तसंच खरं सांग. तेवढं केलंस तर मी येईन तुला भेटायला. दर आठवड्याला येईन."

"बघू," तो म्हणाला आणि वळला. वाटेत पोरगी ठोकळे रचत बसली होती, तिला वळसा घालून तो सुताराच्या दुकानात शिरला. थोड्याच वेळात आतून सुताराचं मोठ्याने हसणं ऐकू आलं.

तो केंद्रात गेला नाही. पुन्हा प्यायला लागला, आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच कोणा बाईच्या घरी राहतो असं लोक सांगत. गल्लीने आपला निकाल देऊन टाकला होता: ज्याने जीव वाचवला त्याच्याच तोंडावर बहिणीने दार लावलं, म्हणून बिचारा परत दारूकडे वळला. सुतार आता सामान पाठवायचा, पण स्वतः यायचा नाही. थट्टा बंद झाली. ताईला ती चेष्टामस्करी फार आठवायची.

उजव्या हाताची बोटं वळली नाहीत ती नाहीतच. पुरचुंडी आता भावजय फिरवते, आणि ताई शेजारी बसून "हलक्या हाताने, हलक्या हाताने" म्हणते. आगपेटी घेऊन कोणी दुकानाच्या पायरीवर आला तर दोघी एकदमच ओरडतात.

परवा एक जुनं गिऱ्हाईक खुर्च्या घेऊन आलं. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर त्याने विचारलं, "भाऊ दिसत नाही हल्ली?"

"पितो," ताई म्हणाली.

"अरेरे. सोन्यासारखा माणूस हो. दारूने वाटोळं केलं बघा त्याचं."

भावजयीचा हात लाकडावर थांबला. तिने ताईकडे पाहिलं. ताई खुर्चीच्या पाठीवरून कोपर फिरवून तिचा खडबडीतपणा अजमावत होती.

"हो," ती म्हणाली. "दारू वाईटच." आणि तिने खुर्च्या कधी मिळतील ते सांगितलं.